जुन्या विटेला सिमेंट का मानवत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या व्हिक्टोरियन (म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) घराच्या दुरुस्तीवरचा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्यभर काम केले आहे आणि आपल्या मुलाने नुकतेच बर्मिंगहॅममध्ये त्याच काळातले घर घेतले आहे, हे वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी मजबूत असताना चुन्याचा हट्ट धरणे म्हणजे हौसेपायी केलेली उधळपट्टी आहे, लाकडी खिडक्यांच्या जागी पीव्हीसीच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या असत्या, तर थंडी आणि बिल दोन्ही आटोक्यात आले असते, आणि साम्राज्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घराचे गोडवे गाण्यापेक्षा मराठी माणसाने आपल्या वाड्यांकडे लक्ष द्यावे.

सिमेंट अधिक मजबूत आहे, हे आपले विधान पूर्णपणे खरे आहे, परंतु आमच्या भिंतीची अडचण नेमकी तिथेच सुरू होते. आमची बाहेरची भिंत नऊ इंची, भरीव, मध्ये पोकळी नसलेली आहे. वीट त्या काळातली, तुलनेने मऊ आणि सच्छिद्र आहे. आणि विटांमधला मसाला चुन्याचा आहे. जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 साली घेतले असले, तरी त्यानंतर कित्येक दशके इंग्लंडमधली साधी घरे चुन्यातच बांधली जात होती. अशी भिंत पाणी अडवत नाही. पावसात ती थोडी भिजते आणि वारा-ऊन मिळताच सुकते, आणि हे सुकणे मुख्यतः विटांच्या सांध्यांतून होते, कारण चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र असतो. ते सांधे सिमेंटने भरले की ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि तिला विटेतूनच बाहेर यावे लागते. हिवाळ्यात विटेतले पाणी गोठते, गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो. उन्हाळ्यात हेच काम क्षार करतात. आपल्याकडे ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतात, तो प्रकार. मजबूत मसाला जसाच्या तसा शाबूत राहतो आणि त्याच्या चौकटीत वीट झिजत जाते. जुन्या भिंतीत झिजायचे कोणी असेल तर ते मसाल्याने झिजावे, कारण सांधे शंभर वर्षांनी पुन्हा भरता येतात, पण भाजलेल्या विटेचे कवच एकदा गेले की परत आणता येत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला पूर्वीच्या कोणा मालकाने बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. तो काढायला घेतला तेव्हा छिन्नीच्या पहिल्याच घावाला ताटाएवढा तुकडा निघाला आणि त्याच्या मागच्या बाजूला विटांची लाल पृष्ठे चिकटून आली. आतली भिंत काळपट, हाताला गार आणि ओली होती, आणि गेले कित्येक दिवस पाऊस नव्हता. गिलाव्याला गेलेल्या केसाएवढ्या तड्यांतून पाणी आत शिरत होते, आणि तडे इतके बारीक होते की त्यातून ते परत सुकून जाणे शक्य नव्हते. त्याच भिंतीलगतची फरसबंदी काँक्रीट ओतून इतकी उंच केली होती की जोत्यातला, जमिनीतली ओल वर चढू न देणारा स्लेटच्या दगडाचा थर तिच्याखाली गाडला गेला होता. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांच्या नियमांमुळे असा ओलरोधक थर घालण्याची पद्धत सर्वत्र रुजली, आणि आमच्या घरात तो सव्वाशे वर्षांनंतरही धडधाकट आहे. आम्ही काँक्रीट फोडून जमीन पूर्ववत खाली नेली, फुटलेला बिडाचा पाइप बदलला, पन्हळी साफ केल्या आणि भिंत उघडी ठेवून सुकू दिली. त्यानंतर चुन्याने सांधे भरले. चुन्याचे काम सावकाश चालते, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होते, गोठवणाऱ्या थंडीत करता येत नाही, आणि ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे लागते. म्हणून ते महाग पडते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्यात भर म्हणजे या देशात नव्या घराच्या बांधकामावर शून्य दराने आणि जुन्या घराच्या दुरुस्तीवर 20 टक्के दराने व्हॅट आकारला जातो. असलेले घर टिकवणाऱ्याला दंड आणि नवे उभारणाऱ्याला सवलत, ही व्यवस्था मला मनापासून चुकीची वाटते.

खिडक्यांबद्दल आपण लिहिले आहे की लाकूड आज ना उद्या कुजणारच. आमच्या पुढच्या खोलीतली वर-खाली सरकणारी सॅश खिडकी बरीच वर्षे रंगाने चिकटून बंद पडली होती. चौकटीच्या आत, बाजूच्या पोकळीत एक लहानशी लाकडी फळी असते. ती काढली की आतले बिडाचे वजन दिसते. दोरी कप्पीवरून जाऊन या वजनाला बांधलेली असते, आणि झडप व वजन एकमेकांना तोलून धरतात, म्हणून एवढी जड काच एका हाताने उचलता येते. दोरी कुजून तुटली होती आणि वजन तळाशी पडले होते. सुताराने नवी दोरी ओवली, उंबऱ्याचा कुजलेला भाग तेवढा कापून तिथे नवे लाकूड जोडले आणि बाकीचे लाकूड आहे तसे ठेवले, कारण थंड प्रदेशात संथपणे वाढलेल्या पाइनचे ते घट्ट लाकूड आज बाजारात सहज मिळत नाही. पीव्हीसीच्या खिडकीचा एक भाग निकामी झाला, तर बहुधा पूर्ण खिडकीच काढून टाकावी लागते. रंगाच्या जुन्या थरांत शिसे असते, म्हणून ते कोरडे घासायचे नसतात. आपल्या मुलाच्या घरात लहान मूल असेल तर ही सूचना त्याला आवर्जून द्यावी.

राहिला थंडीचा प्रश्न, आणि तो खराच आहे. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने स्कॉटलंडच्या वारसा संस्थेसाठी जुन्या सॅश खिडकीवर केलेल्या चाचण्यांत आतून दुसरी काच बसवल्याने काचेतून होणारा उष्णतेचा ऱ्हास 63 टक्क्यांनी आणि रात्री खिडकीची आतली लाकडी दारे नुसती लावल्याने 51 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आम्ही फटींना पट्ट्या बसवल्या, आतून दुसरी काच लावली आणि छताखाली शिफारस केल्याप्रमाणे 270 मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक लोकरी थर घातला. लाकडी जमिनीखालच्या जाळीच्या विटा मात्र कटाक्षाने उघड्या ठेवल्या, कारण तिथली हवा कोंडली की तुळया कुजतात. या सर्वांचा खर्च नव्या खिडक्यांपेक्षा कमी आला.

साम्राज्याविषयीचा आपला आक्षेप मी हलक्यात घेत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या समृद्धीत हिंदुस्थानच्या लुटीचा वाटा होता, आणि ते लपवून या घरांविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण आमच्या गल्लीतली घरे जहाजमालकांची नव्हती. मोजे-बनियनच्या आणि बुटांच्या कारखान्यांनी वाढलेल्या शहरातली ती कारकुनांची आणि कारागिरांची घरे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात अशा वस्त्या गलिच्छ ठरवून सरसकट पाडल्या जात होत्या. 1969 च्या गृहनिर्माण कायद्याने सुधारणेसाठी अनुदाने देण्यावर भर दिला आणि धोरण बदलू लागले. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांनी लेस्टरमध्ये आसरा घेतला, तोही बहुतांशी अशाच जुन्या घरांच्या रांगांमध्ये. या घरांची दारे-खिडक्या नीट ठेवणाऱ्या लोकांत आपली माणसे कितीतरी वर्षांपासून आहेत, हे विसरून चालणार नाही.

आणि वाड्यांचे म्हणाल, तर दोन्ही चिंता एकमेकींच्या आड येत नाहीत, उलट दोन्हींचे दुखणे एकच आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांत आणि देवळांत दगडी चाकाच्या घाणीत (चुना मळायच्या गिरणीत) मळलेला चुना वापरलेला आहे, त्यात गूळ-हिरडा-बेलफळ घालण्याची परंपरा होती, आणि त्याच भिंतींवर आज सिमेंटचे गिलावे आणि दगडावर ऑइलपेंट चढवला जात आहे. इथे जे विटेचे होते, तेच तिथे दगडाचे आणि वीटकामाचे होते. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. 1872 साली खुली झालेली ही व्हिक्टोरियन वास्तू जिथे जिथे शक्य होते तिथे मूळ कारागिरी राखून दुरुस्त करण्यात आली, आणि 2005 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिला सर्वोच्च सन्मान मिळाला. तिथल्या फरशा इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या आहेत. आमच्या प्रवेशमार्गातल्या फरशा त्याच काळातल्या, त्याच धाटणीच्या आहेत. त्या संग्रहालयावर काम करणाऱ्या आपल्या वास्तुविशारदांनी आणि कारागिरांनी जे साधले, त्याचा मला इथल्या कोणत्याही घरापेक्षा अधिक अभिमान आहे.

शेवटी आपण विचारलेल्या प्रश्नाकडे येते. मुलाला भिंतींत रसायन टोचून ओल थांबवण्याचे मोठ्या रकमेचे अंदाजपत्रक मिळाले आहे आणि ते स्वीकारावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की लगेच स्वीकारू नये. हातात धरून भिंतीला टोचायचे मीटर मुळात लाकडासाठी असतात. विटेत क्षार असले, तर भिंत कोरडी असूनही ते मोठा आकडा दाखवतात. शिवाय या उपचारासोबत आतून बहुधा सिमेंटयुक्त गिलावा केला जातो, आणि त्याने ओल जात नाही, फक्त काही वर्षे दिसेनाशी होते. आधी पन्हळी आणि पाइप पावसात उभे राहून पाहावेत. बाहेरची जमीन आतल्या लाकडी जमिनीपेक्षा किमान सहा इंच खाली आहे का, हे मोजावे. जाळीच्या विटा बुजल्या असतील तर मोकळ्या कराव्यात. आणि ज्याला उपचार विकायचा नाही अशा, जुन्या वास्तूंचा अनुभव असलेल्या सर्वेक्षकाकडून पैसे मोजून अहवाल घ्यावा. त्यानंतर भिंतीला सुकायला एक उन्हाळा द्यावा. मुलाने भिंतीच्या बाहेरच्या बाजूची आणि जोत्याची छायाचित्रे पाठवली, तर मी ती आमच्या गवंड्याला दाखवून त्याचे म्हणणे आपल्याला कळवीन.