लपायला जागा न देणारा गेम

"मामा, इथं लपायला जागाच नाहीये!"

भाचा वैतागला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे नाशिकला गंगापूर रोडला आला, तेव्हा मी त्याला २००७ चा 'स्ट्रँगलहोल्ड' खेळायला बसवलं. सवयीप्रमाणे पठ्ठ्या पहिल्याच चकमकीत एका खांबाला पाठ लावून बसला. समोरून गोळ्या सुरू झाल्या. आधी खांबाचं प्लास्टर उडालं, मग कडा ढासळल्या, आणि बघता बघता पाठीमागचा आधारच गेला.

माझ्या मते या गेमचं सगळं मोठेपण त्या खांबात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांचा १९९२ चा 'हार्ड बॉइल्ड' हा पोलिसपट. हॉलिवूडला जाण्याआधीचा त्यांचा हाँगकाँगमधला शेवटचा सिनेमा. त्यातला इन्स्पेक्टर टकीला, म्हणजे चाऊ युन-फॅट. पंधरा वर्षांनी त्याची पुढची गोष्ट सिनेमात न येता गेममध्ये आली. वू स्वतः त्या कामात होते, चेहरा आणि आवाज चाऊ युन-फॅटचाच. बनवला शिकागोच्या मिडवे कंपनीनं.

त्या सिनेमात हॉस्पिटलमधला एक शॉट आहे. जवळपास पावणेतीन मिनिटं कट नाही. दोघं पोलीस गोळ्या झाडत एका मजल्यावरून जातात, लिफ्टमध्ये शिरतात, आणि दार उघडतं तेव्हा दुसरा मजला. खरं तर जागा तीच. ते लिफ्टमध्ये असताना बाहेर सेट बदलून टाकला होता! मी हा शॉट किती वेळा पाहिला असेल, गणती नाही. माणूस सतत पुढे सरकतोय, आणि तो जिथून गेला तिथं काही धड उरत नाही.

गेम बनवणाऱ्यांना हे नेमकं कळलं होतं. टकीला जिन्याच्या कठड्यावरून घसरतो, टेबलावरून झेप घेतो, झुंबराला लोंबकळतो, ढकलगाडीवर आडवा पडून दोन्ही हातांनी पिस्तुलं चालवतो. तो असं काही करत असताना शत्रू समोर आला की वेळ आपोआप मंदावते. जितक्या ऐटीत गोळी घालाल तितके जास्त गुण, आणि त्या गुणांतूनच खास ताकद मिळते. जखम भरून घ्यायचीय? त्यालाही तीच ताकद वापरता येते. म्हणजे त्या वाटेनं बरं व्हायचं तर आधी मोकळ्यावर यावं लागतं.

याच्या एकच वर्ष आधी 'गिअर्स ऑफ वॉर' आला होता. दोन्ही गेम अनरियल इंजिन ३ या गेम बनवायच्या एकाच सॉफ्टवेअरवरचे. 'गिअर्स'नं भिंतीआड बसून डोकं वर काढायचं, गोळी घालायची, परत खाली बसायचं ही रीत रुजवली, आणि मग सगळे त्याच वाटेनं गेले. 'गिअर्स' चांगलाच आहे. पण पोलिसांच्या ॲक्शन सिनेमाचा जीव 'स्ट्रँगलहोल्ड'ला जास्त कळला, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

मी तो पहिल्यांदा खेळलो सिडकोत, मामेभावाकडे. त्याच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड होतं, आमच्याकडे नव्हतं. उन्हाळा, त्यात लोडशेडिंग. लाईट जायच्या आत चेकपॉइंट, म्हणजे खेळ जिथं सेव्ह होतो ती जागा, गाठायचा म्हणून आम्ही घड्याळ लावून खेळायचो. सुरुवातीची हाँगकाँगची ती बाजारपेठ, अरुंद गल्ल्या, फळांचे गाडे, वर लटकलेल्या पाट्या. पाटीवर गोळी घातली की ती खालच्या माणसावर कोसळते. नंतर कित्येक दिवस गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आईची पिशवी धरून चालताना माझी नजर भाजीवर नसायची. ताडपत्रीचे बांबू, रचलेली क्रेट, हातगाडी... कुठून शिरता येईल, काय पाडता येईल, हेच डोक्यात.

गेम छोटा आहे, मान्य. शत्रू लाटेमागून लाट तसेच येत राहतात, तेही मान्य. गोष्ट तर काय, बायको-मुलीच्या अपहरणाची. पण हाँगकाँगमधल्या ताई ओचं ते पाण्यावर खांब रोवून बांधलेलं गाव पायाखाली मोडत जातं तेव्हा गोष्टीकडे लक्ष कुणाचं असतं?

मिडवे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गेम बाजारातून दिसेनासा झाला. २०१९ मध्ये जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर परत आला, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात घेतला. सिनेमाच्या जुन्या प्रिंट जपायला निदान संग्रहालयं आहेत. असा एखादा गेम गेला की कुणाला पत्ताही लागत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाच्यानं तिसऱ्या दिवशी खांब सोडला. गेममधल्या शिकागोच्या म्युझियममध्ये, डायनासोरच्या सांगाड्यांमधून तो धावत सुटला, एकदाही न थांबता. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तर हा खुर्चीवरून अर्धा उठलेला. कप तसाच टेबलावर ठेवला आणि त्याच्या मागे उभा राहून बघत राहिलो.