अधिष्ठान आणि सिलेंडरचा ओटीपी

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस विपश्यना करून घरी आले तेव्हा वाटलं होतं, आता आपण सुटलो. पहाटे चारला घंटा, दिवसभरात दहा-एक तास ध्यान, मोबाईल जमा, बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. शाळेत बडबडते म्हणून निम्मा वेळ वर्गाबाहेर काढलेली मी, दहा दिवस गप्प बसले ह्यावर माझ्या आईचा अजून विश्वास नाही.

पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवसानंतर अधिष्ठान, म्हणजे तासभर हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा डावा गुडघा तिथे असा पेटला की चहा ठेवला असता तर उकळला असता, पण निभावलं. का, तर तिथे बायकांच्या भागात साठ-सत्तर जणी होत्या आणि एकीनेही मला "अगं कोथिंबीर कुठे ठेवलीस" विचारलं नाही.

निघताना सांगतात की घरी रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं. हे ते अगदी शांतपणे सांगतात. डोंबिवलीत राहत नसतील.

पहिल्या दिवशी पाचला बेडरूममध्येच बसले. श्वास आपला बघायचा असतो, मी वीस मिनिटं ह्यांचा बघत होते, मध्येच घोरणं थांबलं की माझाही जीव थांबायचा. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये. साडेपाचला सासूबाई उठल्या, लाईट लावला आणि कोपऱ्यात शाल पांघरून बसलेलं काहीतरी बघून अशा किंचाळल्या की खालचा वॉचमन वर आला. तिसऱ्या दिवशी गॅलरी, तर तिथे कबुतरं, आणि सव्वासहाला पाणी येतं ते, मग सोसायटीची मोटर, मग कचऱ्याची गाडी गाणं लावून, सगळं ओळीने.

शिकवण अशी की जे होतंय ते साक्षीभावाने बघायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही, सगळं अनिच्च, म्हणजे अनित्य आहे, येतं आणि जातं. पटतं हो. पण कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, घरात तीन धडधाकट माणसं आहेत आणि गॅस कोणीही बंद करत नाहीये, ह्याच्याकडे साक्षीभावाने बघणारी बाई महाराष्ट्रात अजून जन्मायची आहे. मी सहाव्या शिट्टीपर्यंत टिकले. वरण अनित्य असेल, करपून बुडाला लागलेलं वरण मात्र चांगलं दोन दिवस टिकतं, काथ्याने घासलं तरी.

सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, "ती बसलीये ध्यानाला. हो ना, दहा दिवस मौन होतं. आम्हालाही बरं गेलं." हे मी डोळे मिटून ऐकलं आणि प्रतिक्रिया दिली नाही, त्याचं क्रेडिट मला कोणी दिलं नाही.

गेल्या शनिवारी मात्र कमाल झाली. मी बसलेली, गुडघा शांत, कबुतरंही कुठे गेलेली, खरंच आत काहीतरी थांबल्यासारखं वाटत होतं आणि बेल वाजली. सिलेंडर. आता ओटीपी येतो माझ्या मोबाईलवर आणि मोबाईल उघडतो माझ्या अंगठ्याने. दारात कुजबुज, मग चिरंजीव चवड्यांवर माझ्याजवळ आले, माझा हात अलगद उचलला, अंगठा स्क्रीनवर टेकवला आणि हात होता तसा मांडीवर परत ठेवून दिला. मी डोळे उघडले नाहीत.

आता हे अधिष्ठान मोडलं की नाही? हात हलला, पण मी कुठे हलवला? उरलेली पंधरा मिनिटं ह्याच्यावर गेली. आणि थोडी, सिलेंडरचं वजन करून घेतलं का गाढवांनी, ह्याच्यावर.