‘ती नुसती पिशवीच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

डासाच्या मादीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही वाशीहून सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप दोन. एक, शुक्रग्राहिका ही मादीच्या पोटातली, नराचे शुक्राणू ठेवायची नुसती पिशवी. ‘मादी ते सांभाळते, किती वापरायचे ते ठरवते’ असं लिहून मी माणसाचे गुण किड्याला चिकटवले. दोन, पावसाळ्यात डेंग्यूने माणसं आजारी पडत असताना ही चिरफाड कोणाच्या उपयोगाची?

‘ठरवते’बद्दल तुमचं बरोबर आहे. त्यात विचार केल्याचा भास होतो. तो शब्द लेखातून काढलाय. ‘नुसती पिशवी’ मात्र मला अजिबात पटत नाही.

गेल्या आठवड्यात नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत, कुंडीखालच्या बशीपाशी एडिस इजिप्टायची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, मादी सापडली. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात तिला ठेवलं आणि सुईने पोटाचं टोक हलकेच ओढलं. अंडाशयांबरोबर तीन काळपट तपकिरी गोळे बाहेर आले, याच तिच्या शुक्रग्राहिका. एक मोठा, दोन लहान, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या गोळ्यात शुक्राणूंचा गुंता भोवऱ्यासारखा गरगरत होता. नर कधीच उडून गेला होता आणि हे अजून जिवंत होते! बरणीत ठेवलेली वस्तू अशी जिवंत राहत नाही, तिला कोणीतरी जगवावं लागतं.

ते काम तिथल्या ग्रंथीपेशी करतात. 2011 साली फळमाशीवर झालेल्या प्रयोगात या स्रावी पेशी नष्ट केल्या, तर शुक्राणू शुक्रग्राहिकांकडे नीट ओढलेच जाईनात आणि शेजारच्या साठवण-नळीत पोचलेल्यांची हालचाल मंदावली. पिशवी तीच, जागा तीच, पण स्राव नाही.

आणि मधमाशीची राणी पाहा. तरुणपणीच्या मोजक्या दिवसांत ती उडता उडता 10-20 नरांशी मिलन करते, त्यानंतर पुन्हा कधीच नाही. शुक्रग्राहिकेच्या जेमतेम 1 मिलिमीटरच्या गोलात 50 ते 70 लाख शुक्राणू काही वर्षं टिकतात. त्या गोलाभोवती श्वासनलिकांचं इतकं दाट जाळं असतं की तो पांढराशुभ्र दिसतो. शुक्राणू सोडणं-न सोडणं नळीतल्या स्नायूंच्या हाती. अंडं घालण्याआधी राणी पुढच्या पायांनी पोळ्यातल्या घराचं माप घेते. घर लहान असलं तर शुक्राणू सुटतात आणि मादी जन्मते. मोठं असलं तर अंडं कोरडंच जातं आणि त्यातून नर होतो. याला ‘विचार’ म्हणू नका, मीही म्हणणार नाही. पण वापरावर ताबा आहे, हे तर मान्य कराल?

आता उपयोगाचं. एडिसची मादी बहुधा एकदाच मिलन करते आणि त्या एका साठ्यावर पुढच्या अंड्यांच्या खेपा भागवते. म्हणजे तुमच्या मजल्यावर एकही नर नसला तरी बाहेरून आलेली एकच मादी पुरते. तिची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून बशी नुसती ओतून चालत नाही, घासावी लागते.

याच एकदाच्या मिलनावर मोठं काम झालंय. जनावरांच्या जखमांवर अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी 1954 साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून संपवली, ती किरणांनी वांझ केलेले नर सोडून. मादी असल्या नराशी जुळली की तिचा साठा त्याच्याच शुक्राणूंनी भरतो आणि अंडी फुटतच नाहीत. मादी एकदाच मिलन करते हे कोणी पाहिलंच नसतं, तर ही युक्ती सुचली असती का?

ता. क. कॉलेजात झुरळाच्या दोन शुक्रग्राहिका पाहिल्याचं तुम्हाला आठवतं, ते बरोबर आहे. एडिसमध्ये तीन, मलेरियाच्या ॲनोफेलिसमध्ये एकच. लेखात मी ‘डासांत तीन’ असं सरसकट लिहिलं होतं, ती चूक आज दुरुस्त केली.