‘गावठी कोंबडीला खुराडे लागत नाही’ : एका दाव्याचा प्रतिवाद

परसात पाच-दहा कोंबड्या पाळू पाहणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर सध्या मोबाइलवरून बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : गावठी कोंबडी मुळात रानातली, ती स्वतःला सांभाळते आणि रात्री झाडावर बसली की तिला कोणी शिवत नाही, कळपात एक तगडा कोंबडा आणि जोडीला दोन गिनी कोंबड्या असल्या की मुंगूस आणि साप त्या घराकडे फिरकत नाहीत, अगदीच भीती वाटली तर भोवती चिकन जाळी बांधावी आणि कडेने फिनेल शिंपडावे, उवा-गोचिडांना चुलीतली राख पुरते, आणि मुंगूस फारच सोकावले तर भाकरीत औषध घालून ठेवावे. तेव्हा खुराड्यावर पैसे घालवू नयेत, असा शेवटी सल्ला. यातल्या बहुतेक विधानांत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती लोकांना पटतात. परंतु सगळा भर शत्रूला घाबरवण्यावर आहे, त्याची आत शिरण्याची वाट बंद करण्याचा विचार कोठेच नाही, आणि कोंबड्या जातात त्या याच कारणाने.

पहिला मुद्दा झाडावर बसण्याचा. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा आणि आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा हे दोन्ही पक्षी रात्री फांदीवरच असतात, हे खरे आहे. पण रानकोंबडी अंगाने हलकी आणि बारीकशा चाहुलीने उडून जाणारी असते. शिवाय एवढे करूनही तिची कितीतरी अंडी-पिल्ले शत्रूंच्या पोटात जातात. रानात ते चालून जाते. ज्याच्याकडे एकूण दहाच कोंबड्या आहेत त्याला ते चालत नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. एकदा बसली की हाताने उचलून घेतली तरी ती फारसा प्रतिकार करत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. उदमांजर झाडावर सहज चढते आणि त्याचा वावर रात्रीचाच असतो. शृंगी घुबडालाही फांदीवरचा पक्षी उचलणे जड जात नाही. त्यातच आज ‘गावठी’ म्हणून घरोघरी येणारी पिल्ले पुष्कळदा वनराज किंवा गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची असतात. दिसायला ती गावठीसारखी रंगीत असली तरी वजनाने भारी असतात, आणि पूर्ण वाढलेल्या गिरिराज कोंबड्याला कुंपणाच्या वर झेप घेणेही अवघड जाते.

शिवाय या दाव्यात खुडूक कोंबडीचा विचारच केलेला नाही. अंड्यांवर बसलेली कोंबडी २१ दिवस जमिनीलगत एका जागी असते, आणि पिल्ले निघाल्यावरही पुढचे काही आठवडे ती त्यांना पंखाखाली घेऊन खालीच झोपते. म्हणजे कळपाची पुढची पिढी ज्या काळात तयार होते, नेमका त्याच काळात झाडाचा काही उपयोग नसतो.

कोंबड्याबाबत मात्र हा मजकूर सांगतो त्याहून वस्तुस्थिती अधिक रंजक आहे. आकाशातून घार किंवा शिक्रा झेपावला तर एक आणि जमिनीवरून कुत्रे-मांजर आले तर दुसरा, असे कोंबड्याचे दोन वेगळे इशारे असतात. पहिला ऐकला की कोंबड्या दबून आडोशाला जातात, दुसरा ऐकला की मान ताठ करून सभोवार पाहतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. उघड्या अंगणात पिल्ले हिंडत असताना असा कोंबडा असणे निश्चित लाभाचे आहे. कावळा किंवा लहानसे मांजर तो हुसकावूनही लावील. पण थेट मानेला धरणाऱ्या मुंगसापुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि रात्री तोही इतर कोंबड्यांइतकाच आंधळा असतो. गिनी कोंबड्यांचेही तेच. त्या अनोळखी माणसाला, कुत्र्याला, सापाला पाहून कर्कश ओरडतात, लहान सापाला घेरून टोचतातही. त्यांच्या ओरडण्याने घरातले माणूस बाहेर आले तर फायदा. घरातले सगळे शेतावर गेलेले असतील तर नाही.

ही शेवटची गोष्ट मुंगसाच्या संदर्भात विशेष ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडचे करडे मुंगूस दिवसा हिंडणारे जनावर आहे. रात्री दार लावले म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांच्या कोंबड्या ते भर दुपारी नेते. उलट रात्रीच्या नुकसानीचा दोषही सरसकट त्याच्याच माथी मारला जातो. खरे म्हणजे सकाळी काय शिल्लक राहिले आहे हे नीट पाहिले तर कोण येऊन गेले याचा बराच अंदाज बांधता येतो. तीन-चार कोंबड्या मानेशी चावून मारलेल्या आणि तेथेच टाकलेल्या असतील तर मुंगसाचा किंवा त्याच्यासारख्या लहान शिकाऱ्याचा संशय घ्यावा. एकच कोंबडी नाहीशी आणि पिसांची रांग कुंपणाकडे गेलेली दिसली तर रानमांजर किंवा कोल्हा. सगळ्या अंगणात कोंबड्या फाडून विखरून टाकलेल्या, पण खाल्लेल्या फारशा नाहीत, हे काम बहुधा भटक्या कुत्र्यांचे. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही मागे नाही तर साप, कारण तो अंडे सबंध गिळतो. टरफल फोडलेले सापडले तर कावळा किंवा उंदीर-घूस. पिल्ले एकेक करून कमी होत असतील आणि खुराड्याच्या कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसत असेल तर घूस गृहीत धरून चालावे. यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी असल्यामुळे उपायही वेगळा लागतो. सगळ्यांवर एकच तोडगा सांगणाऱ्याने यांपैकी एकाचाही माग काढलेला नसावा.

आता जाळीविषयी. चिकन जाळी म्हणून दुकानात मिळणारी षटकोनी, बारीक तारेची जाळी ही कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी आहे. शत्रूला बाहेर ठेवण्याची तिची ताकद फार थोडी. कुत्रे तिची तार दातांनी ओढून पीळ सोडवते. तिच्या इंचभर भोकातून उंदीर जातो, लहान साप जातो, आणि मांजराचा किंवा मुंगसाचा पंजा आत येतो. दांडी जाळीला चिकटून बांधलेली असेल तर झोपलेली कोंबडी बाहेरूनच ओरबाडली जाते. सकाळी आत मुंडके नसलेली कोंबडी आणि जाळी मात्र शाबूत, असे दृश्य पाहून लोक चक्रावतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. खुराड्याला अर्ध्या इंची चौकोनांची, सांधे जोडलेली वेल्डमेश जाळी हवी. ती नुसत्या खिळ्यांनी न ठोकता लाकडी पट्टीखाली दाबून बसवलेली हवी. आणि बसायच्या दांड्या जाळीपासून फूटभर तरी आत हव्यात. खुराडे जमिनीवरच असेल तर जाळीची कड फूट-दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीने किंवा दगडांनी झाकावी. उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी सुरुवात करते आणि तेथेच त्याला तार लागते. त्याहून बरे म्हणजे खुराडे दोन-तीन फूट उंच पायांवर उभे करणे. पायांना मध्यावर पत्र्याची उलटी नरसाळी बसवली तर उंदीर वर चढत नाहीत, आणि पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर फुटणाऱ्या अंड्यांवर तुटून पडणाऱ्या लाल मुंग्याही अडतात.

बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नर-आंबेगावसारख्या उसाच्या पट्ट्यात आणि कोकणातल्या पुष्कळ गावांत जाळीवरही विसंबता येत नाही. तेथे रात्रीची जागा विटांची किंवा जाड फळ्यांची, पक्क्या छपराची आणि घराला लागून असावी.

फिनेल शिंपडल्याने साप येत नाही ही समजूत फार जुनी आहे आणि तिला आधार नाही. साप जिभेने वासाचे कण टिपतो हे खरे. त्यामुळे उग्र वासाला तो बिचकत असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु डांबरगोळ्यांतले नॅफ्थलीन आणि गंधक यांच्या मिश्रणाची सापांवर परीक्षा घेतली गेली तेव्हा साप ते ओलांडून गेले. फिनेलचा वास तर पावसाळ्यात एका सरीत धुऊन जातो, आणि जमीन टोचत हिंडणाऱ्या कोंबड्यांच्या पोटात मात्र ते जाण्याचा धोका राहतो. साप येतो तो उंदरांमागे आणि अंड्यांमागे, व उंदीर येतात सांडलेल्या दाण्यामागे. संध्याकाळी उरलेला दाणा उचलणे, साठ्याचा दाणा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवणे, अंडी रोजच्या रोज काढणे आणि खुराड्याभोवतीचा पालापाचोळा, लाकडाचे ढीग हलवणे, एवढ्याने साप येण्याचे कारणच बरेच कमी होते. उंदरांचा बंदोबस्त सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे माणसांच्याही हिताचा आहे, कारण लेप्टोचा ताप त्यांच्याच मुतातून पसरतो. आणि अंधारात, बॅटरी न लावता, अंड्यांसाठी खुराड्यात हात घालू नये. कोंबडी आत जायला तयार नसेल तर तिला हाकलण्याआधी आत पाहावे.

ती आत जायला तयार नसण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते राखेच्या मुद्द्याशी जोडलेले आहे. राखेत आणि कोरड्या मातीत लोळणे ही कोंबडीची गरजच आहे. पिसांत राहणाऱ्या उवा त्यामुळे कमी होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी कोंबड्यांना धुळीच्या पेट्या देऊन जे प्रयोग केले त्यांत गंधकाची भुकटी मिसळलेली धूळ सर्वांत परिणामकारक ठरली. तेव्हा चाळलेली, पूर्ण थंड झालेली कोरडी राख आणि माती यांची पाटी सावलीत ठेवावीच. भिजलेली राख मात्र काढून टाकावी, तिने पायांची आणि डोळ्यांची आग होते. पण ‘उवा-गोचीड’ असा जो एकत्र उल्लेख केला जातो तेथेच घोटाळा आहे. ऊ आपले सगळे आयुष्य कोंबडीच्या अंगावर काढते. कोंबड्यांचा गोचीड आणि तांबडी माइट (रक्त पिणारी बारीक कीड) हे दोन्ही दिवसभर खुराड्याच्या फटींत, दांडीच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत दडलेले असतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिऊन परत जातात. दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तर अंगावर काही सापडत नाही, फार तर गोचिडाची पिल्ले पंखाखाली काळ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात. मग अंगाला राख फासून उपयोग तो काय?

तुरा पांढुरका पडणे, अंडी कमी होणे, खुडूक कोंबडी अर्ध्यावर अंडी सोडून उठणे, तिन्हीसांजेला कोंबड्यांनी खुराड्यात शिरायला कुरकुरणे, ही गोचीड आणि माइट झाल्याची लक्षणे होत. लोक त्यांवर दृष्ट काढतात किंवा साप येऊन गेला म्हणतात. खात्री करणे सोपे आहे. अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके ओढावे. त्यावर रक्ताचे तांबडे फराटे उमटले तर तांबडी माइट आहे. गोचिडासाठी सुरीचे टोक फटीत घालून पाहावे. उपायही तेथेच करायचा : खुराडे रिकामे करून दांड्या काढाव्यात, फटींत उकळते पाणी ओतावे, लोखंडी भाग ज्योतीने शेकावेत, भेगा लिंपून वर चुना द्यावा, आणि आठवडा-दहा दिवसांनी हे सारे पुन्हा करावे, कारण पहिल्या खेपेला या किडींची अंडी वाचतात. गोचीड अन्नावाचून वर्षाहून अधिक काळ तग धरतो, त्यामुळे खुराडे दोन महिने बंद ठेवले म्हणून तो मरत नाही. त्याच्यापासून होणाऱ्या स्पायरोकीट या जिवाणूच्या आजारात कोंबडी मलूल होऊन हिरवट हगते, आणि ती मानमोडीच (राणीखेत रोग) समजून घरोघर आशा सोडली जाते. वास्तविक मानमोडीला औषध नाही, पण हा आजार वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर बरा होतो. म्हणून अशी कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. शेतात फवारायचे कीटकनाशक अंदाजाने पातळ करून तिच्यावर मारण्याचा जो प्रकार चालतो तो टाळावा; ते अंड्यांतून घरच्यांच्याच पोटात येते.

भाकरीत विष घालण्याच्या सल्ल्याला फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड आणि नाग-धामण यांसारखे साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि ती भाकरी शेजारच्या कुत्र्याने, आपल्या मांजराने किंवा खुद्द कोंबड्यांनी खाऊ नये अशी काही सोय त्या सल्ल्यात नाही. उंदरांच्या विषारी दाण्याचेही हेच.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. दहा कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला चार फूट लांब आणि चार फूट रुंद जागा पुरते. दिवसा त्या मोकळ्या हिंडल्या तरी चालते, मात्र दुपारी घरी कोणी नसेल तेव्हा त्यांना जाळीच्या बंद आवारात ठेवावे. सांगाडा जुन्या वाशांचा, छप्पर घरामागे पडलेल्या पत्र्याचे किंवा कौलांचे असले तरी काही बिघडत नाही, तेथे हवे तेवढे पैसे वाचवावेत. जाळी आणि दाराची कडी मात्र नवी घ्यावी, कडी धक्क्याने न उघडणारी असावी, आणि दिवेलागणीला कोंबड्या मोजून ती लावण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठरवून द्यावे. दुसऱ्याने लावली असेल असे दोघांनीही धरून चालले की दार रात्रभर उघडे राहते.