गृहिणी की शास्त्रज्ञ? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकन पक्षीअभ्यासक मार्गारेट मोर्स नाइस यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मुली सांभाळता सांभाळता घरामागच्या चिमण्या बघणाऱ्या गृहिणीला सालिम अलींच्या पंगतीत बसवणं ही अतिशयोक्ती आहे.

आधी माझी चूक. नाइस यांनी ज्याचा अभ्यास केला, त्या ‘साँग स्पॅरो’ या अमेरिकन पक्ष्याला मी सरळ चिमणी म्हणून मोकळी झाले. तो आपल्या घरचिमणीच्या कुळातला नाही, भारिटांच्या जवळचा आहे. लेखात दुरुस्ती करते.

बाकीचं मात्र मला पटलं नाही. लग्नाआधीच अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात नाइस यांनी बॉबव्हाइट या लाव्यासारख्या पक्ष्याच्या आहारावर संशोधन केलं होतं. ते १९१० साली छापून आलं. पुढे ओहायोतल्या कोलंबस शहरात, घराजवळच्या नदीकाठच्या झुडपांत, १९२८ पासून त्यांनी साँग स्पॅरो पकडून पायांत रंगीत कडी चढवायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या रंगांची जुळणी वेगळी. त्यामुळे हा नर गेल्या वर्षीचाच का, यंदा मादी कोणती, पिल्लं किती वाचली, हे दुरूनही कळे. पक्षी मारून कातडी जमवण्याची सवय असलेल्या शास्त्रात एकेका जिवंत पक्ष्याची अशी वर्षानुवर्षं ओळख ठेवणारे किती होते? ‘४एम’ या नराचा माग त्यांनी १९३५ पर्यंत ठेवला. त्या वर्षी मे महिन्यात एक अख्खा दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, त्याचं गाणं मोजलं : २,३०५ वेळा. असा दिवस काढायला काय लागतं, हे एखाद्या दयाळासमोर तासभर वही घेऊन बसलात तरी कळेल.

आणि सालिम अलींचं नाव तुम्ही काढलंत हे बरं झालं. १९३० साली, हाताला नोकरी नसताना, त्यांनी अलिबागजवळ किहीमला घराशेजारच्या सुगरणींची घरटी बघितली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पसंत करते, मग नर दुसरं विणायला घेतो, हे तिथे उलगडलं. त्याला आपण कोणी ‘घराशेजारचे पक्षी’ म्हणून बाजूला सारत नाही. सालिम अली ज्यांच्याकडे बर्लिनला शिकले, त्या जर्मन पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेझमान यांनीच नाइसबाईंचा साँग स्पॅरोवरचा पहिला मोठा शोधनिबंध आपल्या जर्मन नियतकालिकात छापला. पुढे १९३७ आणि १९४३ मध्ये नाइसबाईंच्या या अभ्यासाचे दोन खंड निघाले.

मुलींचं म्हणाल, तर त्या होत्या, आणि घरकामही होतं. ते त्यांच्या कामातून वजा का करायचं?