खिडकीतून आलेला पाऊस कसा जपावा

खिडकीखाली ओल आली? उत्तम. पहिल्या वर्षी काहीच करू नका, फक्त तिच्यासमोर कपाट सरकवा. दसऱ्याला साड्या बाहेर काढल्या की वासावरून प्रगती कळेलच.

दुसऱ्या वर्षी पोपडे सुटले की रंगारी बोलवावा, आणि तोही मे महिन्यात, भिंत वरवर कोरडी दिसते तेव्हा. लोणा लागून सुटलेली क्षारांची पांढरी भुकटी फडक्याने झटकायची, वर पुट्टीचे दोन हात. "काय कळायचंसुद्धा नाही, साहेब." खरंच कळत नाही, जूनपर्यंत.

बुरशीवर कॅलेंडर टांगावे.

वॉटरप्रूफिंग नेहमी आतून करावे. पाणी बाहेरून येते हे मान्य, पण बाहेर जायला झुला बांधावा लागतो.

खिडकीच्या फटी बुजवणारा सिलिकॉनवाला मात्र पारखून निवडा. आमचा फार मेहनती होता. जुने सिलिकॉन खरवडण्यात त्याने वेळ घालवला नाही. फ्रेम ओली, वर कबुतरांची कृपा, त्यावरूनच नळी फिरवली. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरून बारीक भोके असतात ना, आत शिरलेले पाणी परत बाहेर पडायला? तीही बुजवली. एकूण एक! अंगठ्याने दाबून, गुळगुळीत करून. "साब, पानी का रास्ताच बंद कर दिया." केलाच होता. त्या रात्री पश्चिमेचा वारा सुटला, ट्रॅकचा हौद काठोकाठ भरला आणि दोन वाजता धार थेट गादीवर. अडीचला मी बायकोची केसांची पिन घेऊन ती भोके कोरत बसलो होतो. सकाळी फोन केला तर म्हणतो, "बारिश ज्यादा है साब." ज्यादा? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, त्याला ज्यादा म्हणतात. हा आपला दरवर्षीचा पाऊस आहे रे बाबा! खिडकी याच्यासाठीच असते!

सोसायटीला अर्ज द्या, पोच घ्या. पोच भिंतीपेक्षा जास्त टिकते.

"खिडकी तुमची वैयक्तिक बाब आहे," असे आम्हाला सांगण्यात आले. वैयक्तिक? बाहेरची भिंत सोसायटीची, पावसाची गळती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने काढायची, हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, लिहिलेय. वाचा कधीतरी. गेटला नवी कमान बसवायला पैसे होते, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा भरायला नाहीत?

आणि आपण काय कमी आहोत? छज्जा तोडून बॉक्स ग्रिल बसवली कोणी? ग्रिलसाठी भिंतीत ड्रिल मारून भोके तशीच सोडली कोणी? खिडकीच्या कडप्प्याचा उतार आतल्या बाजूला झालाय हे मिस्त्री असतानाच का नाही बघितले? एक तांब्या पाणी ओतले असते तर दिसले असते. हे सगळे स्वतः करायचे आणि मग सोसायटीच्या नावाने बोंबलायचे.

आधी बाहेरून फ्रेमभोवतीची फट भरा, कडप्प्याचा उतार बाहेरच्या बाजूला करून घ्या, ट्रॅकची भोके मोकळी ठेवा. मग भिंत वाळू द्या, चार दिवस नाही, पूर्ण वाळू द्या. पुट्टी सगळ्यात शेवटी. रंगारी शेडकार्ड उघडायला लागला की आधी विचारा, पाणी येतंय कुठून? "बघू नंतर" म्हणाला तर चहा पाजा आणि जिना दाखवा. मी दाखवला नाही. माझी गादी अजून पंख्याखाली उभी आहे.