मामा, नोझलची भोकं मोठी करू नका

रावेरच्या मामांनी सकाळीच एक मेसेज पुढे ढकलला, खाली एवढंच: "भाचा, करून घेऊ का?" केळीवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा तोच तो मेसेज. म्हणे ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल फवारणारी सगळी नोझलं सारखीच. भोकं मोठी करा, नोझलची स्प्रिंग आवळून फवाऱ्याचं प्रेशर वाढवा, डिझेलात थोडं रॉकेल टाका, आणि काळा धूर निघाला की समजा ताकद वाढली.

सारखीच? नोझलवरचे आकडे तरी वाचा. नोझल बनवणाऱ्या बॉश कंपनीच्या पद्धतीत 'डीएलएलए १५०' लिहिलं असेल, तर १५० हा फवाऱ्याच्या छत्रीचा कोन आहे, अंशांत. तो पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीकडे बघून ठरवलेला असतो, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनात, डिझेल त्या वाटीतच हवेत मिसळून पेटतं. ज्या जुन्या इंजिनांच्या हेडमध्ये वेगळी छोटी कोठी असते, तिथे हवाच कोठीत शिरताना इतकी घुसळते की एका भोकाच्या पिंटल नोझलवर भागतं. त्यावर 'डीएन ० एसडी' असतं, म्हणजे कोन शून्य. हे इकडचं तिकडे बसवणार?

आता भोकं. मोठ्या भोकातून धार जाड येते, थेंब मोठे राहतात आणि वाफ व्हायच्या आत वाटीच्या भिंतीवर आपटतात. पुढे सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुऊन डिझेल खाली ऑइलच्या चेंबरात उतरतं. मागच्या मोसमात यावलकडच्या एका ट्रॅक्टरची डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं, बोटाला डिझेलचा वास. मालक खुश: "गाडी ऑइल खातच नाही!" नोझल उपसलं तर खाली तांब्याची दोन वायसरं. म्हणजे नोझल तेवढं वर उचललेलं, आणि फवारा वाटीत न पडता काठावर आपटून तसंच डिझेल ऑइलात.

प्रेशरचं म्हणाल, तर त्यात थोडं खरं आहे. प्रेशर वाढलं की फवारा बारीक होतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांत, ते १,६०० बार आणि त्याहूनही जास्त असतं. पण तिथे कंपन्यांनी भोकं लहान केली, मोठी नाही, आणि वाटीही त्याच हिशेबाने घडवली. तुमची स्प्रिंग वर्षानुवर्षं वापरून सैल पडली असेल, तर ती पुस्तकातल्या आकड्यावर आणणं बरोबर. त्याच्या वर नाही.

रॉकेल? पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेल त्याहून कोरडं. आणि काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजलेलं, अर्धवट जळालेलं डिझेल.

मामा, नोझल काढाच, पण पंप-नोझल टेस्टिंगवाल्याकडे न्या. परत बसवताना वायसर एकच घाला, नवं, आणि जुन्याच जाडीचं.